बर्फात ब्रेक लागत नाही

मनालीजवळ धुंदीच्या खालच्या एका वळणावर प्रस्तुत लेखकाची गाडी ब्रेक पूर्ण दाबलेला असताना घसरत गेली. वेग ताशी वीसही नसेल. पायाखाली पेडल थरथरत होतं, स्टिअरिंग उजवीकडे फिरवलेलं होतं, आणि गाडी मात्र सरळ दरीच्या बाजूला, अगदी सावकाश निघाली होती. मागच्या सीटवर दहा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. कोणीच ओरडलं नाही. रस्ता साफ करताना यंत्राने कडेला सारलेल्या बर्फाच्या ढिगात बंपर रुतला आणि गाडी थांबली. त्या ढिगापलीकडे कठडा नव्हता.

वीस वर्षं ताम्हिणी, वरंधा, आंबोली या घाटांत भर पावसात गाडी चालवलेला माणूस होता तो. ‘घाट काय आपल्याला नवीन आहे?’ असं म्हणत डिसेंबरात पुण्याहून स्वतःच्या डिझेल गाडीने निघाला. जवळपास दोन हजार किलोमीटर गाडी कुठेही कुरकुरली नाही. मनालीत पोचेपर्यंत आत्मविश्वास दुप्पट झालेला. तोच नडला.

सह्याद्रीतला पाऊस आणि हिमालयातला बर्फ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. ओल्या डांबरावर टायरची पकड कमी होते, पण राहते. दाबल्या गेलेल्या बर्फावर ती कोरड्या रस्त्याच्या साधारण पाव ते तिसरा हिस्सा उरते, आणि गोठून काच झालेल्या रस्त्यावर जेमतेम सातवा हिस्सा. ताशी ४० च्या वेगात ब्रेक दाबला तर कोरड्या डांबरावर गाडी नऊ-दहा मीटरमध्ये उभी राहते. दाबलेल्या बर्फावर तिला तीसेक मीटर लागतात, गोठलेल्या काचेवर साठ मीटरच्या पुढे. हा हिशेब सपाटीचा. उतारावर तो आणखी वाढतो, आणि पुरेसा तीव्र उतार असेल तर गाडी थांबतच नाही. फोर बाय फोर गाडीवाल्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं. चारही चाकांना ताकद मिळाल्याने गाडी चढते चांगली. थांबण्याच्या बाबतीत तिला काडीचाही फायदा मिळत नाही.

अटल बोगद्याने एक मोठा बदल केला आहे. ३ ऑक्टोबर २०२० ला तो खुला होईपर्यंत मनालीहून लाहौल खोऱ्यात जायचं तर तेरा हजार फुटांवरचा रोहतांग ओलांडावा लागे, आणि हिवाळ्यात तो बंदच असे. साध्या गाडीने जानेवारीत लाहौलमधल्या सिस्सूला जाण्याचा प्रश्नच नव्हता. आता ९.०२ किलोमीटरचा बोगदा ओलांडला की दहा-पंधरा मिनिटांत माणूस पलीकडच्या बर्फात पोचतो. पण बोगद्याच्या मनालीकडच्या तोंडापासून सोलंगपर्यंतचा उतार उघड्यावरच आहे. २३ डिसेंबर २०२४ ला याच पट्ट्यात सुमारे हजार गाड्या अडकल्या आणि शेकडो पर्यटकांना पोलिसांनी रात्रीच्या थंडीत खाली आणलं. ही दुर्घटना नव्हती, कारण लोक वेळेत बाहेर काढले गेले. दर वेळी तसं होईलच असं नाही.

लेखकाच्या चुका मात्र वळणावर सुरू झाल्या नव्हत्या, त्या पुण्यातच झाल्या होत्या. मनालीतल्या दुसऱ्या सकाळी त्याने बॉनेट उघडून थंड इंजिनाच्या कूलंटच्या टाकीचं झाकण फिरवलं, तर आत हिरवट पाण्यावर पापडासारखा बर्फाचा पातळ थर. बोटाने दाबला तर तुटला. मे महिन्यात एका गॅरेजमध्ये कूलंट कमी दिसलं म्हणून नळाचं पाणी ओतलं होतं, आणि ‘चालतंय की’ म्हणून त्यानेही मान हलवली होती. पुण्यात ते चालतंच. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, आणि ती ताकद रेडिएटर काय, इंजिनाचा ब्लॉकही फोडू शकते. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉलचं कूलंट असेल तर उणे ३५ च्या आसपासपर्यंत धोका नसतो. निघण्यापूर्वी जुनं कूलंट पूर्ण काढून योग्य प्रमाणाचं भरून घ्या, वरून ओतू नका. काच धुण्याच्या टाकीतलं पाणीही काढून न गोठणारं द्रव भरा.

बॅटरी तीन वर्षांहून जुनी असेल तर तपासून घ्यावी, कारण थंडीत तिची ताकद घटते आणि नेमकं तेव्हाच घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. टायरच्या खाचा कायद्याने १.६ मिलिमीटर असल्या तरी चालतात, बर्फात मात्र चार मिलिमीटरपेक्षा कमी असतील तर जाऊ नये. हवा पुण्यात भरली तशी तिथे राहत नाही. थंडीने दाब कमी होतो, उंचीमुळे मीटरवर थोडा वाढलेला दिसतो. त्यामुळे तिथे पोचल्यावर, सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी तपासणं हाच मार्ग.

डिझेलचं वेगळं. थंडीत त्यातलं मेण गोठून फिल्टर तुंबतो आणि गाडी सुरू होऊन दोन मिनिटांत मरते. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं ते याचसाठी. मैदानातल्या पंपावर भरलेली टाकी घेऊन वर मुक्काम करू नये. न गोठण्यासाठीचं औषध डिझेलमध्ये आधीच मिसळावं, मेण धरल्यावर ते टाकून फारसा उपयोग नाही. कोणी रॉकेल मिसळायला सांगेल. बीएस-सहा गाडीत ते अजिबात नको.

आणि चेन. चेन त्या दिवशी डिकीत होत्या! सकाळी आकाश निळं होतं, म्हणून लावल्या नाहीत. दुपारी दोनला सिस्सूत भुरभुर सुरू झाली, बोगद्याच्या अलीकडे येईपर्यंत रस्ता पांढरा झाला होता. घसरल्यानंतर, पडत्या बर्फात, ओल्या चिखलात गुडघे टेकून त्याने पहिली चेन लावायला घेतली. बोटं पाच मिनिटांत बधिर. टायरच्या आतल्या बाजूचा आकडा हाताला लागत होता, पण कडीत अडकत नव्हता. दोन चाकांना पन्नास मिनिटं लागली. हेच काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये हातमोजे घालून दोनदा केलं असतं तर पंधरा मिनिटांत झालं असतं. चेन आपल्या टायरच्या मापाची आहे ना, हेही तिथेच कळतं. ज्या चाकांना इंजिन फिरवतं त्यांना ती लागते : बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे, मागच्या चाकांवर चालणाऱ्यांना मागे. थोडं अंतर गेल्यावर उतरून पुन्हा आवळायची, आणि चाळिशीच्या खालीच चालवायचं.

चेन लागल्या तोवर पुढची रांग थांबलेली होती. सगळ्यांनी काचा बंद केल्या, हीटर लावला, इंजिन चालू ठेवलं. तासाभराने खिडकीवर टकटक झाली. मागच्या पिकअपचा स्थानिक चालक, हातात फावडं. “भाईसाब, पहले शीशा खोलो.” मग तो मागे गेला आणि सायलेन्सरच्या नळीभोवती साचलेला बर्फ उपसू लागला. नळी अर्ध्याहून जास्त बुजली होती. मुलगी पेंगत होती, सासूबाईंचं डोकं दुखत होतं. दोघींना थंडीने तसं होतंय असं सगळे समजत होते.

धुराला बाहेर जायला वाट नसली की कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही. ७ जानेवारी २०२२ च्या रात्री पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणाजवळ हिमवादळात गाड्या अडकल्या आणि वीसहून अधिक माणसं गाडीतच गेली. काही गारठून, तर काहींचा जीव बंद गाडीत साठलेल्या या वायूने घेतला असावा, असं तेव्हा समोर आलं. त्यांतले बरेच जण आपल्यासारखेच, मुलाबाळांना बर्फ दाखवायला आलेले होते. म्हणून अडकलात तर इंजिन सतत चालू ठेवू नका. तासातून दहा मिनिटं पुरे, तीही आधी उतरून नळी मोकळी करून, आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूची काच दोन बोटं उघडी ठेवून. बाकी वेळ ब्लँकेट. इंधनाची टाकी निम्म्याच्या खाली येऊ देऊ नका. फावडं, विजेरी, गोणपाट, दोरी, थर्मास, शेंगदाण्याचे लाडू, नेहमीची औषधं हे सगळं डिकीत नाही, आत हाताशी हवं, कारण गोठलेली डिकी कधी कधी उघडतच नाही.

पुढचा उतार त्या चालकाने समोर चालत, हाताने खुणा करत उतरवला. पहिला गिअर, क्लचवरून पाय काढलेला, ॲक्सिलरेटर सोडलेला. गाडीला इंजिनच धरून ठेवत होतं. ब्रेक लागला तर नुसता टेकवायचा. घसरायला लागलीच तर ब्रेक सोडायचा, जिकडे जायचं तिकडे बघायचं आणि स्टिअरिंग हलक्या हाताने तिकडे न्यायचं. आपल्याकडे डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची सवय अनेकांना आहे. ती सह्याद्रीतही वाईट, इथे तर गाडी सरळ खाली सोडून देण्यासारखी. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडवर घेऊन खालचा गिअर धरावा. पुढच्या गाडीपासून निदान दहा गाड्यांचं अंतर, आणि ती वळण पार करेपर्यंत वरच थांबणं. सोलंगला पोचायला रात्रीचे साडेदहा वाजले. त्या चालकाने पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

रात्री मुक्कामाला हँडब्रेक ओढून ठेवू नका, तो गोठून धरतो. सपाट जागा बघून गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकामागे दगड लावा. वायपर काचेपासून उचलून ठेवा. सकाळी काचेवर गरम पाणी ओतू नका, तडा जातो.

हवामान खात्याचा इशारा आदल्या रात्री आणि निघताना असा दोनदा बघा. पश्चिमी चक्रावाताचा अंदाज असेल तर तो दिवस मनालीतच काढा. पोलिसांनी मनालीपुढे नेहरू कुंडाशी गाडी अडवली तर हुज्जत घालू नका, फोर बाय फोरवाली स्थानिक टॅक्सी करा. सावलीतली वळणं आणि पूल सकाळी दहापर्यंत काचेसारखे असतात, आणि दिवसा वितळलेलं पाणी ऊन कललं की पुन्हा गोठतं. सिस्सूहून परतायचं असेल तर दुपारी एकला निघा, मुलं कितीही हट्ट करोत. अडकलात तर ११२ वर फोन करा आणि गाडी सोडून अंधारात चालू लागू नका.