ऊब आणि पोटभर अन्न

“डॉक्टरसाहेब, पोराले काचेच्या पेटीत ठेवा लागते काय?” कमी वजनाचं बाळ जन्मलं की धारणीत हा प्रश्न ठरलेला. प्रश्नामागची धास्ती मला कळते. अमरावती दूर, मध्ये मेळघाटचा घाट, घरात पैसा नाही.

या आयांसाठी अलीकडच्या संशोधनात दिलासा आहे. भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत एक ते 1.8 किलो वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवून पाहिलं. पूर्वी अशी बाळं स्थिरावेपर्यंत आईपासून वेगळी ठेवत. छातीशी लगेच ठेवलेल्या बाळांमध्ये पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू 25 टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. त्याआधी हरियाणातल्या गावांत, घरच्या घरी हीच पद्धत वापरूनही बाळं वाचली होती. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तर 1999 मध्येच दाखवलं होतं की, गावातल्या शिकवून तयार केलेल्या बाईने घरी जाऊन बाळाची काळजी घेतली तर नवजात मृत्यू सुमारे 62 टक्क्यांनी घटतात. आज आशाताई तुमच्या दारात येते ती याच कामासाठी. तिला घरात घ्या, बाळाचं वजन करू द्या.

बाळाला फक्त टोपी, लंगोट आणि मोजे घाला. आईच्या उघड्या छातीवर उभं धरा, मान एका कुशीला वळवा, वरून लुगड्याने बांधा. दिवसरात्र, जितका जास्त वेळ जमेल तितका. आई थकली तर बाप किंवा आजीने घ्यावं. दूध मात्र आईचंच. दीड किलोच्या आतल्या बाळाला दवाखान्यात न्यायलाच हवं, पण गाडीतही छातीशी धरूनच न्या.

बाळ दूध ओढत नसेल, गार पडलं असेल, तापलं असेल, छाती आत ओढून धापा टाकत असेल किंवा पोट फुगलं असेल तर 108 ला फोन करा. पोट फुगलं म्हणून डंबा देऊ नका. तापल्या विळ्याने पोटातलं दुखणं जात नाही. कातडी जळते, जखम चिघळते आणि दवाखान्यात पोचायची वेळ निघून जाते.

दुसरी गोष्ट क्षयाची. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरी दरमहा तांदूळ, डाळ, तेल, दूध पावडर असा शिधा दिला गेला. घरातल्या इतरांना क्षय होण्याचं प्रमाण 39 टक्क्यांनी घटलं. औषधं सुरू झाल्यावर पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे 61 टक्के कमी आढळला. चाळीस किलोच्या माणसासाठी पाच टक्के म्हणजे फक्त दोन किलो.

म्हणून दोन आठवडे खोकला असेल तर थुंकी तपासा. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. गोळ्या एक दिवसही चुकवू नका. निक्षय पोषण योजनेचे महिन्याला हजार रुपये डाळ, शेंगदाणे, अंडी यांवरच खर्च करा. दर महिन्याला वजन बघा. रुग्णाचं ताट वेगळं काढू नका. ताटातून क्षय पसरत नाही. खोकताना तोंडावर फडकं धरायला सांगा आणि घराची खिडकी उघडी ठेवा.

कामाला परगावी जायच्या आधी दवाखान्यात येऊन पुढच्या गोळ्या घेऊन जा. आणि घरात लहान बाळ असेल, तर आज रात्री त्याला छातीशी घेऊनच निजवा.