कोठारातील मांजराला कच्चे मांस द्यावे काय?

साठवणुकीतील धान्याच्या रक्षणावरील प्रशिक्षणवर्गात सोंडे, भुंगेरे आणि पतंग यांची चर्चा आटोपली की प्रश्न उंदरांकडे वळतात आणि उंदरांवरून मांजराकडे येतात. कोंबडीच्या दुकानात स्वस्तात मिळणारे अवयव कच्चेच मांजराला घातले तर चालतील काय, अशी विचारणा शेतकरी आणि विस्तार कार्यकर्ते वारंवार करतात. त्यामागे काटकसरीचा विचार असतो आणि तो रास्तही आहे. मात्र या प्रश्नाचा संबंध मांजराइतकाच गोठ्यातील शेळ्यांशी, परसातील कोंबड्यांशी आणि घरातील माणसांशी आहे. म्हणून त्याचा थोडा तपशिलात विचार करणे आवश्यक ठरते.

उपाशी मांजर अधिक उंदीर मारते काय?

हा समज सर्वत्र आढळतो. पण तो खरा नाही. मांजराची शिकारीची प्रेरणा भुकेवर पूर्णपणे अवलंबून नसते. पोट भरलेले मांजरही उंदीर पकडते. उपाशी मांजर मात्र अन्नाच्या शोधात दूर भटकते आणि कोठार उघडे पडते. ब्रिटिश परिस्थितिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांनी शेतवाड्यांवरील मांजरांविषयीची निरीक्षणे 1953 मध्ये प्रसिद्ध केली. आधी इतर उपायांनी उंदीर हटवलेल्या आणि मांजरांना नियमित पूरक अन्न मिळणाऱ्या शेतवाड्यांवर उंदरांचा पुन्हा शिरकाव रोखला जातो, हा त्यांतील महत्त्वाचा निष्कर्ष होय. सारांश, मांजर हे वाढलेला प्रादुर्भाव निपटण्याचे साधन नसून स्वच्छ केलेल्या जागेचा पहारेकरी आहे आणि पहारेकऱ्याला जेवण द्यावेच लागते.

दूधभात का पुरत नाही?

मांजर हा पूर्णतः मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन हे अमिनो आम्ल त्याचे शरीर पुरेशा प्रमाणात तयार करू शकत नाही आणि धान्य व भाजीपाल्यात ते जवळजवळ नसतेच. टॉरिनअभावी मांजराच्या दृष्टिपटलाचा ऱ्हास होतो, हे 1975 मध्ये दाखवण्यात आले. त्याच अभावाने हृदयाचे स्नायू दुर्बल होतात, हे 1987 मध्ये स्पष्ट झाले. गाजरातील कॅरोटिनपासून जीवनसत्त्व अ बनवणेही मांजराला जमत नाही. त्यामुळे प्राणिज आहाराला पर्याय उरत नाही.

येथेच स्वस्त अवयवांचे महत्त्व आहे. हृदय हा टॉरिनचा उत्तम स्रोत आहे. पेटा म्हणजे भरीव स्नायूच. दोन्हींना छातीच्या मांसापेक्षा सहसा कमी भाव पडतो. खर्चातील बचत होते ती या अवयवांच्या निवडीमुळे. ते कच्चे दिल्याने बचतीत काहीच भर पडत नाही. पडलीच तर इंधनाच्या चार पैशांची.

कच्चेपणाची किंमत

पहिला धोका बर्ड फ्लूचा. मार्जारकुलातील प्राणी एच5एन1 विषाणूला सहज बळी पडतात. डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या गोरेवाडा येथील बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले व तपासणीत हाच विषाणू आढळला. 2025 च्या प्रारंभी मध्य प्रदेशातील छिंदवाडा येथे पाळीव मांजरांत त्याचा संसर्ग निष्पन्न झाला. अमेरिकेतील ओरेगन राज्यात डिसेंबर 2024 मध्ये घराबाहेर न जाणारे एक मांजर टर्कीचे गोठवलेले कच्चे खाद्य खाऊन याच विषाणूने मेले. गोठवल्याने विषाणू टिकून राहतो. शिजवल्याने नष्ट होतो.

दुसरा धोका टॉक्सोप्लाझ्मा गोंडी या परजीवीचा. कच्च्या मांसातून किंवा उंदरातून त्याचा प्रथम संसर्ग झालेले मांजर एक ते तीन आठवडे विष्ठेतून असंख्य सूक्ष्म कवचयुक्त कोष बाहेर टाकते. बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांत ते संसर्गक्षम होतात आणि ओलसर मातीत वर्षभरही टिकू शकतात. चारा किंवा खुराक यांतून ते पोटात गेल्यास शेळ्यामेंढ्यांचा गर्भपात होतो. गर्भवती स्त्रीच्या गर्भालाही त्यापासून अपाय होऊ शकतो. शिकारी मांजराला हा संसर्ग उंदरातूनही होतो, त्यामुळे आहार शिजवून धोका कमी होतो, संपत नाही.

तिसरा धोका साल्मोनेला जातीच्या जीवाणूंचा आणि त्यांची ने-आण करणाऱ्या माशांचा. उघड्यावर राहिलेल्या मांसावर घरमाशी आणि हिरव्या-निळ्या माशा त्वरित अंडी घालतात. उष्ण हवेत घरमाशीची पिढी सात ते दहा दिवसांत पूर्ण होते. माशा आणि झुरळे टॉक्सोप्लाझ्माचे कोषही वाहून नेऊ शकतात, हे 1970 च्या दशकातील प्रयोगांत आढळले आहे. मांजराच्या थाळीतील उरलेला तुकडा हा अशा प्रकारे कीटकनियंत्रणाचाही विषय ठरतो.

शिजवलेले स्वस्त मिश्रण

एक किलो मिश्रणासाठी पुढील प्रमाण घ्यावे:

- कोंबडीचे हाडविरहित मांस, थोड्या कातडीसह: 600 ग्रॅम
- हृदय आणि पेटा: 350 ग्रॅम
- कलेजी: 50 ग्रॅम
- अंड्याच्या कवचाची बारीक पूड: एक सपाट चहाचा चमचा

नुसत्या मांसात फॉस्फरसच्या मानाने कॅल्शियम फारच कमी असते, म्हणून कवचाची पूड आवश्यक आहे. कवच धुऊन, तव्यावर भाजून मग कुटावे. कलेजी याहून वाढवू नये. जीवनसत्त्व अ दीर्घकाळ अति प्रमाणात गेल्यास मांजराच्या मानेचे मणके जखडतात. मांस बेताच्या पाण्यात, आतील लाली पूर्ण जाईपर्यंत शिजवावे. टॉरिन पाण्यात उतरते, म्हणून ते पाणी फेकून न देता मिश्रणातच घालावे. कवचाची पूड शेवटी मिसळावी. मीठ, मिरची नको. कांदा आणि लसूण तर मुळीच नको, कारण त्यांनी मांजराच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट होतात. शिजलेले हाड टोकदार फुटते. तेही देऊ नये. मासे द्यायचे झाल्यास शिजवूनच द्यावेत. काही कच्च्या माशांतील विकर जीवनसत्त्व ब1 नष्ट करते.

तीन किलो वजनाच्या प्रौढ मांजराला हे मिश्रण साधारण आठ दिवस पुरते. मिश्रणाचा खर्च 120 रुपये आला, तर दिवसाला 15 रुपये पडतात. मांजर शिकार करीत असल्यास याहून कमी लागते. हे मिश्रण शिकारीला पूरक म्हणून सुचवले आहे. केवळ घरातच राहणारी मांजरे, पिल्ले आणि गाभण मांजरी यांच्यासाठी इतर जीवनसत्त्वे व खनिजे किती घालावीत, हे पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावे.

विस्तार कार्यकर्त्यांनी सांगावयाच्या बाबी

1. दोन दिवसांपुरते मिश्रण थंड ठेवून उरलेले गोठवावे. थाळी अर्ध्या तासात उचलावी आणि उरलेले अन्न खोल पुरावे.
2. खुराकाची पोती आणि चाऱ्याची गंज झाकून ठेवावी. मांजराची विष्ठा रोजच्या रोज हातमोजे घालून उचलावी. हे काम गर्भवती स्त्रीकडे देऊ नये.
3. मेलेल्या किंवा आजारी कोंबड्या मांजरापुढे टाकू नयेत. अचानक मरतूक दिसल्यास पशुसंवर्धन विभागाला कळवावे.
4. झिंक फॉस्फाईड किंवा ब्रोमॅडिओलोनचे आमिष ठेवले असेल त्या काळात मांजर बांधून किंवा कोंडून ठेवावे आणि मेलेले उंदीर शोधून पुरावेत. विष खाल्लेला उंदीर खाऊन मांजरही मरते.
5. ॲल्युमिनियम फॉस्फाईडची धुरी देण्यापूर्वी कोठारात मांजर किंवा पिल्ले राहिली नाहीत, याची खात्री करावी.
6. रेबीजची लस आणि जंतनाशक औषध वेळेवर द्यावे.

कोंबडीच्या दुकानातील हृदय, पेटा आणि थोडी कलेजी ही मांजरासाठी स्वस्त आणि पोषक सामग्री आहे. तिचा लाभ अवश्य घ्यावा. परंतु ती चुलीवरून उतरवूनच थाळीत वाढावी. ज्या घरी शेळ्या आणि कोंबड्या आहेत, तेथे हा नियम विशेष काटेकोरपणे पाळावा. एका शेळीचा गर्भपात झाल्यास होणारे नुकसान मांजराच्या कित्येक महिन्यांच्या आहारखर्चाहून अधिक असते.