पोटाचा जुना आजार, मनाचा ताण आणि आपले घर



वर्षावासात आम्ही अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या विहारांत जातो. ग्रंथवाचन संपले की अर्धा तास आरोग्यावर बोलतो. मूर्तिजापूरकडच्या एका गावात आम्ही सलग तीन दिवस होतो. एक भगिनी तिन्ही दिवस अगदी दाराशी बसली आणि वाचन चालू असताना दोन-तीनदा उठून गेली. बायका कुजबुजल्या, हिचे लक्षच नाही. शेवटच्या दिवशी सारे गेल्यावर ती जवळ आली. दोन वर्षांपासून तिला शौचातून रक्त आणि आव जात होती. दिवसातून आठ-दहा वेळा जावे लागे. घरी सांगितले का, असे विचारल्यावर म्हणाली, "सिस्टर, कोणाले सांगू? सारे म्हनतात, हिले कामाचा कंटाया."

आजचा पाठ अशा आजाऱ्यांसाठी आहे, आणि त्याहून जास्त त्यांच्या घरच्यांसाठी.

हा आजार कोणता?

आपल्या शरीराची रोगाशी लढणारी शक्ती कधी कधी चुकून आपल्याच आतड्यावर उलटते. आतड्याला सूज येते, जखमा होतात. फक्त मोठ्या आतड्याला आणि गुदाशयाला होतो तो अल्सरेटिव्ह कोलायटिस. तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो तो क्रोन्स. हे आजार संसर्गाचे नाहीत. एका ताटात जेवल्याने, एक संडास वापरल्याने ते पसरत नाहीत. करणी, नजर, बाहेरचे यांचा त्यांच्याशी काही संबंध नाही.

रक्त पडले की मूळव्याध, असे धरून चालू नका. आपल्याकडे आतड्याचा क्षयही असतो आणि तो क्रोन्ससारखाच दिसतो. दोघांचे उपचार मात्र वेगळे आहेत. म्हणून शौचाची व रक्ताची तपासणी आणि दुर्बिणीची तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, करावी लागते. त्यात आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासतात. आजार पूर्ण जात नाही, पण औषधाने वर्षानुवर्षे शांत राहू शकतो.

ताणाचे काय?

"टेन्शन घेतलेस म्हणून झाले," असे आजाऱ्याला सुनावले जाते. हे चूक आहे. ताणाने हा आजार निर्माण होतो असे सिद्ध झालेले नाही. मात्र शांत झालेला आजार ताणाने पुन्हा उसळू शकतो. मेंदू आणि आतडे मज्जातंतूंनी जोडलेले आहेत. परीक्षेच्या सकाळी पोटात गडबड होते ती याच वाटेने. ताण लांबला की शरीरात ताणाची रसायने वाढतात, आतड्याची हालचाल बदलते, त्याचे अस्तर हळवे होते, सूज वाढायला वाव मिळतो.

दुसरी वाट आणखी साधी आहे. ताणात झोप जाते, गोळ्या चुकतात, अंग दुखते म्हणून दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणून घेतले जाते. या वेदनाशामक गोळ्यांनीही आजार उसळू शकतो. मग पोट बिघडले की ताण वाढतो आणि ताण वाढला की पोट बिघडते.

हा दुबळ्या मनाच्या माणसांचा आजार नव्हे. जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांना अल्सरेटिव्ह कोलायटिस होता. 2007 मध्ये प्रकृती ढासळल्याने त्यांनी पद सोडले. औषधाने बरे वाटल्यावर 2012 मध्ये ते पुन्हा पंतप्रधान झाले आणि जवळजवळ आठ वर्षे देश चालवला. 2020 मध्ये आजार उलटला तेव्हा पत्रकार परिषदेत कारण सांगून ते पायउतार झाले. एवढ्या मोठ्या माणसाने जगासमोर सांगितले. आपल्या सुनेला सासूजवळ सांगता येत नाही.

घरात काय करावे?

महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. त्याचा इतरांना काही उपयोग होत नाही म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाकडून पाणी आणवले, दोघांनी त्याला धुतले आणि उचलून खाटेवर निजवले. मग शुश्रूषा करणारा कसा असावा हे भिक्खूंना सांगितले. आम्ही नर्सिंगच्या वर्गात जे शिकलो ते सारे त्यात आहे. औषध नीट द्यावे, काय सोसते ते ओळखावे, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, घाणीची किळस करू नये आणि धीर द्यावा. आजाऱ्याचेही कर्तव्य सांगितले: दुखणे लपवू नये, जसे आहे तसे सांगावे.

हेच आपल्या घरात आणायचे आहे.

एकच संडास असेल तर सकाळी आजाऱ्याचा नंबर आधी. किती वेळा गेलीस, अशी मोजणी सर्वांदेखत नको. कापूस वेचायला किंवा एस.टी.ने जायचे असेल तर जायची सोय आधी पाहावी, पिशवीत जास्तीचे कपडे व पाणी ठेवावे. पथ्याच्या नावाखाली उपाशी ठेवू नका. आजार उसळला असताना तिखट आणि कोंड्याचे पदार्थ कमी करून मऊ भात, वरण, अंडे द्या. शांत झाल्यावर सोसेल ते सारे द्या. रक्त गेल्याने पंडुरोग होतो, म्हणून थकवा येतो. तो आळस नाही.

लग्न आणि मूल या आजारातही होते. आजार शांत असताना गर्भ राहिलेला बरा. औषधे डॉक्टरांना विचारूनच ठेवावी किंवा बदलावी, मनाने बंद करू नयेत.

हे विसरू नका

बरे वाटले म्हणून गोळ्या सोडू नका. प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडची गोळी तर एकदम कधीच बंद करू नये, ती हळूहळू कमी करतात. दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे शौच, सोबत ताप, छातीत धडधड, पोट फुगणे किंवा खूप दुखणे असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. अकोल्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, अमरावतीला इर्विन आहे. मन फारच खचले, झोप उडाली, जगणे नकोसे वाटले तर टेलि-मानसच्या 14416 या क्रमांकावर मोफत बोलता येते, मराठीतही.

दाराशी बसणाऱ्या त्या भगिनीची तपासणी झाली. अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला. आम्ही तिच्या नवऱ्याला आणि सासूबाईंना समोर बसवून हेच सारे समजावले. आजार गेलेला नाही, मध्येच एकदा उसळलाही. पण आता गोळी घेतली का, हे सासूबाईच विचारतात. पुढच्या वर्षावासात ती पुन्हा दाराशीच बसली होती. एकदा उठून गेली, आणि परत येईपर्यंत शेजारणीने तिची जागा धरून ठेवली होती.