चौघांचे बोलणे : चर्चमधील चेंबर संगीत

(द्वितीय वर्ष, कला)

पाश्चात्य संगीत म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काळे कोट घातलेले शंभरेक वादक आणि त्यांच्यापुढे छडी हलवणारा संचालक उभा राहतो. हे संगीत आपले नव्हे, ते इंग्रजी शाळांत शिकलेल्यांचे, अशी एक समजूतही त्याबरोबर येते. माझीही होती. मुंबईत आमच्या वाडीच्या टोकाला असलेल्या जुन्या चर्चमध्ये गेल्या वर्षी मी तीन सायंकाळी चेंबर संगीत ऐकले आणि ती समजूत पुष्कळशी ढिली झाली. ती कशी झाली हे सांगावे व त्या निमित्ताने या संगीतप्रकाराची थोडी ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

चेंबर म्हणजे खोली. दिवाणखान्यात थोड्या लोकांसमोर वाजवण्याचे ते चेंबर संगीत. आपल्या बैठकीशी त्याचे नाते जवळचे आहे. यात संचालक नसतो आणि प्रत्येक वादकाचे स्वर वेगळे लिहिलेले असतात. एक चुकला तर त्याला झाकायला दुसरा कोणी नसतो. या प्रकारातील सर्वांत महत्त्वाची रचना म्हणजे स्ट्रिंग क्वार्टेट. तीत दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो असतो. व्हायोलिनच्या शेजारशेजारच्या तारांत षड्ज-पंचमाचे अंतर असते. व्हिओला व्हायोलिनच्या एक पंचम खाली आणि चेलो व्हिओलाच्या एक सप्तक खाली लावलेला असतो. म्हणजे एकाच घरातील चार माणसे, पण आवाज निरनिराळ्या वयांचे, असे म्हणायला हरकत नाही.

पहिल्या सायंकाळी माझी फजिती झाली. प्रवेश विनामूल्य होता, तरी दारातून आत पाऊल टाकायला मला दहा मिनिटे लागली. मी शेवटच्या बाकावर बसलो. पहिला भाग संपताच मी जोरात टाळ्या वाजवल्या. बाकी कोणीच वाजवल्या नाहीत! क्वार्टेटचे बहुधा चार भाग असतात : पहिला जलद, एक संथ, एक नृत्याच्या चालीचा आणि शेवटचा पुन्हा जलद. चारही संपल्यावरच टाळ्या वाजवायच्या, असा आजचा रिवाज आहे. माझे कान तापले. वाटले, उठून निघून जावे.

पुढे वाचनालयात शोधल्यावर कळले की हा रिवाज फार जुना नाही. मोझार्टने 1778 साली पॅरिसहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात आपल्या नव्या सिंफनीच्या मधोमध, वादन चालू असतानाच श्रोत्यांनी टाळ्या दिल्याचे आनंदाने सांगितले आहे. म्हणजे आपल्याकडच्या बैठकीतली मधली 'वाहवा' त्या संगीताच्या जन्मकाळी तिथेही होती. हे वाचून मला धीर आला आणि दुसऱ्या खेपेस मी पुढच्या बाकावर बसलो.

त्या सायंकाळी दुसरी एक गोष्ट ध्यानात आली. चर्चमध्ये ध्वनिक्षेपक नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. चुन्याच्या जाड भिंती आवाज फारसा शोषून घेत नाहीत, तो परतवतात. त्यामुळे गज उचलल्यावरही शेवटचा स्वर क्षणभर छताखाली रेंगाळतो. हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सबाइन यांनी 1895 पासून व्याख्यानगृहात गाद्या ठेवून आणि काढून हा रेंगाळण्याचा काळ मोजला होता. माणसेही गाद्यांप्रमाणेच आवाज शोषतात. म्हणून रिकाम्या चर्चमधील सराव आणि भरलेल्या चर्चमधील वादन सारखे ऐकू येत नाही. तेव्हा श्रोता हाही त्या वाद्याचा एक भाग आहे, असे मला वाटू लागले.

तिसऱ्या खेपेस मी बाबांना बरोबर नेले. येथे सांगितले पाहिजे की माझे बाबा लग्नाच्या बँडमध्ये युफोनियम वाजवतात. आम्ही घरी त्याला नुसते 'बाजा' म्हणतो. मुख्य चाल क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेट धरतो; बाबा खालून भरणा करतात. त्यांना स्वरलेखन वाचता येत नाही, सारे कानावर. "तिथे मोठी माणसं असतील, मी कशाला?" असे ते दोनदा म्हणाले. मग इस्त्रीचा शर्ट घालून आले.

त्या दिवशी हायडनचा 'लार्क' नावाने ओळखला जाणारा, 1790 सालचा क्वार्टेट होता. त्याच्या आरंभी खालची तीन वाद्ये तुटक स्वरांत हळूच चालू लागतात आणि थोड्या वेळाने पहिले व्हायोलिन त्यांच्यावर उंच तरंगत येते. मी सवयीने त्या उंच सुराकडे पाहत होतो. बाबा माझ्या कानाशी म्हणाले, "वरच्याकडे काय बघतोस? ते तिघं बघ. आधी रस्ता मोकळा केला, मग नवरदेव आला." आणि थोड्या वेळाने, "तो मधला थांबला तर वरचा पडेल." तो मधला म्हणजे व्हिओला. दोन सायंकाळी बसून व पुस्तके वाचून मला जे ऐकू आले नव्हते, ते त्यांना पाच मिनिटांत ऐकू आले.

योसेफ हायडन (1732–1809) याला क्वार्टेटचा जनक म्हणतात. त्याने अडुसष्ट क्वार्टेट लिहिले. त्याचे वडील गाड्यांची चाके करणारे कारागीर होते. स्वरलेखन न शिकता कानावर हार्प वाजवीत. हायडनचे बालपण व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन चर्चच्या गायकवृंदात गेले. त्याचा आद्य चरित्रकार ग्रीसिंगर सांगतो की एका जहागीरदाराकडे बसून वाजवणाऱ्या ज्या चौघांसाठी हायडनने पहिले क्वार्टेट लिहिले, त्यांत एक पाद्री होता आणि एक जहागिरीचा कारभारी. तेव्हा हे संगीत 'मोठ्या' माणसांचेच, हे म्हणणे त्याच्या उगमाशीही जुळत नाही.

आपल्या बाजूनेही एक धागा आहे. गोव्यात चर्चच्या शाळांतून गावोगावच्या मुलांना स्वरलेखन व व्हायोलिन शिकवले जाई. त्या परंपरेतील अनेक वादक मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांत आले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (1927–2012) हे त्यांतले एक. त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेले प्यारेलाल हे एका ट्रम्पेटवादकाचे चिरंजीव. चित्रपटगीतांतील व्हायोलिनच्या त्या जागा पुढे लग्नाच्या बँडने कानाने उचलल्या. म्हणजे चर्चमधील ती चौघांची बैठक आणि बाबांचा बाजा यांच्यात अंतर आहे, पण दोहोंना जोडणारा रस्ताही आहे. आणि ज्या व्हायोलिनला पंडित गजाननराव जोशी व पंडित व्ही. जी. जोग यांनी मांडी घालून ख्याल शिकवला, ते वाद्य परके कसे म्हणावे?

माझ्यासारख्या नवख्या श्रोत्याला एवढेच सुचवतो. पुढच्या बाकावर बसावे. पहिल्या भागात एकच वाद्य धरून ऐकावे, शक्यतो मधले. दुसऱ्या भागात कोण कोणाला उत्तर देतो ते पाहावे. सूर लांबला की वादकांचे डोळे पाहावेत. संचालकाचे काम तेथे नजर करते. टाळी चुकली तर चुकू द्यावी.

परतताना बाबा बराच वेळ बोलले नाहीत. वाडीच्या तोंडाशी आल्यावर म्हणाले, "पुढचा कधी आहे, विचारून ठेव. लग्नाची तारीख नसली तर येईन."