ऊन मावळल्यावरची वीज

सेलू तालुक्यात, बोरच्या जंगलालगत वावर असलेल्या घरातली भाची कृषी पदवीधर आहे. तिचे मामाजी वीज उपकेंद्रात अभियंता होते, आता निवृत्त आहेत. सौरपंपासोबत बॅटरी घ्यावी का, या तिच्या प्रश्नावरून दोघांत झालेलं हे बोलणं.

भाची : मामाजी, बाबांनी सौरपंपासाठी अर्ज केला आहे. मी म्हणते, सोबत बॅटरीही बसवून टाकू. ऊन गेलं की पंप बंद पडणार असेल, तर त्या विजेचा भरवसा काय?

मामाजी : आधी मला सांग, रात्री पंप चालवायची गरज कोणाला आहे?

भाची : आम्हालाच की! कृषी वाहिनीवर थ्री फेज आठ तास, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की बाबा टॉर्च घेऊन चण्याला पाणी द्यायला जातात. रानडुकरांचं भय असतंच, वाघाचंही असतं. ते घरी येईपर्यंत आईला झोप नाही.

मामाजी : मग चण्याला रात्रीच पाणी हवं होतं असं नाही. लाइन रात्री होती, म्हणून ओलीतही रात्री होत होतं. २०२३ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा राबवला जातोय, तो याचसाठी. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज कृषी वाहिनीला दिवसा द्यायची. सौरपंपाचंही तेच. काम उन्हाच्या वेळेत आणता आलं, तर तेवढी वीज साठवायचा खर्चच उरत नाही.

भाची : आणि ढग आले तर?

मामाजी : पंपाची धार कमी होते, फार दाटून आलं तर बंदही पडतो. पण सलग झड लागलेली असते तेव्हा ओलीत कोण करतं? पावसाने दडी मारली की पऱ्हाटीला पाणी लागतं, आणि तेव्हा ऊनही कडक असतं. चणा-गव्हाचं ओलीत हिवाळ्यातलं, तेव्हा आभाळ बहुतेक निरभ्र असतं.

भाची : तरी दोन दिवसांची सोय हाताशी असावी, असं वाटतं.

मामाजी : असावीच. फक्त ती विजेची करायची की पाण्याची, याचा हिशेब करू. पाच एचपीचा पंप म्हणजे सुमारे पावणेचार किलोवॉट. सहा तास चालला तर बावीस-तेवीस युनिट लागतात. घरच्या इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी पूर्ण भरली तर तिच्यात पावणेदोन युनिटच्या आसपास वीज मावते. ती टिकावी म्हणून निम्मीच वापरायची. म्हणजे एका रात्रीच्या ओलितासाठी तशा पंचवीसेक बॅटऱ्या मांडाव्या लागतील, आणि त्या काही वर्षांत बदलाव्याही लागतील.

भाची : पंचवीस! आणि पाण्याचा हिशेब?

मामाजी : पाणी पंधरा मीटर खोल असेल आणि पंप चांगला असेल, तर एका युनिटमध्ये साधारण दहा हजार लिटर पाणी वर येतं. पंधरा बाय पंधरा मीटरचं, तीन मीटर खोल शेततळं सव्वाचार लाख लिटरच्या वर पाणी धरतं. म्हणजे चाळीसेक युनिटचं काम तळ्यात साठलं. तळाला कागद अंथरावा लागतो, थोडं पाणी बाष्प होऊन उडतं. तळं वावराच्या चढाच्या धुऱ्याला असेल तर पाणी आपसूक खाली उतरतं. ठिबकला दाब लागतो, तिथे छोटा पंप सकाळी लावायचा.

भाची : आमच्या विहिरीला पाझर कमी आहे. लाइन आली की दोन तासांत ती कोरडी पडते.

मामाजी : तशा विहिरीला सौरपंप उलट सोयीचा. सकाळी ऊन कोवळं असतं तेव्हा धार बारीक, दुपारी मोठी, संध्याकाळी पुन्हा बारीक. दिवसभर हळूहळू उपसा होत असल्याने पाझराला वेळ मिळतो.

भाची : म्हणजे बॅटरी नकोच, असं म्हणता?

मामाजी : असं मी म्हणणार नाही. ओलीत उन्हात आणता येतं. पोरांचा अभ्यास, प्राथमिक आरोग्य केंद्रातलं रात्रीचं बाळंतपण, लसींचा फ्रीज, संध्याकाळचं दूध थंड ठेवणं, ही कामं उन्हात कशी आणणार? तिथे बॅटरी हवीच, आणि चांगली हवी.

भाची : वर्ध्याला मावशीने छतावर तीन किलोवॉटचे पॅनल बसवले. पंतप्रधान सूर्यघर योजनेतून ७८ हजारांचं अनुदानही मिळालं. पण लाइन गेली की त्यांचं घरही अंधारात. पॅनलवर लख्ख ऊन असतं तेव्हासुद्धा!

मामाजी : कारण तो संच ग्रीडला जोडलेला आहे. ग्रीडची वीज गेली की त्याचा इन्व्हर्टर मुद्दाम स्वतःला बंद करतो. नाही तर छतावरची वीज तारेत उतरेल आणि खांबावर दुरुस्ती करणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. लाइन नसतानाही घर चालवायचं तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. तो घराला ग्रीडपासून तोडतो आणि मगच आतली वीज सुरू ठेवतो. बसवण्याआधी हे विचारून घ्यायला हवं.

भाची : बॅटरी कोणती घ्यायची?

मामाजी : शिशाची बॅटरी स्वस्त, पण तिच्यात डिस्टिल्ड पाणी घालत राहावं लागतं, आणि रोज खोलवर रिकामी केली तर ती लवकर मरते. लिथियम आयर्न फॉस्फेटची महाग, पण हजारो वेळा भरता-रिकामी करता येते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. उष्णता दोन्हींची शत्रू आहे. म्हणून बॅटरी टिनाच्या शेडमध्ये ठेवायची नाही. सावली आणि खेळती हवा पाहिजे.

भाची : आग लागल्याच्या बातम्याही वाचते.

मामाजी : जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंगच्या मोठ्या साठवण केंद्राला आग लागली. तिथल्या बॅटऱ्या निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या होत्या. लोह-फॉस्फेटची बॅटरी जास्त तापमान सोसते, तिचा धोका कमी असतो. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. दोन संचांत अंतर, तापमानावर लक्ष आणि आग विझवायची सोय हवीच.

भाची : एवढी मोठी केंद्रं आपल्याकडेही आहेत?

मामाजी : वर्ध्याहून हावड्याकडे जाणारी गाडी ज्या राजनांदगावला थांबते, तिथे आहे. भारतीय सौर ऊर्जा निगमचा १०० मेगावॉटचा सौर प्रकल्प, सोबत ४० मेगावॉट, १२० मेगावॉट-तास क्षमतेची बॅटरी. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचं लोकार्पण झालं.

भाची : हे दोन आकडे कशाचे?

मामाजी : पाण्याच्या टाकीचा नळ केवढा आणि टाकी केवढी, असे ते दोन आकडे. नळातून एका वेळी ४० मेगावॉट निघतात, टाकीत १२० मेगावॉट-तास मावतात. नळ पूर्ण सोडला तर तीन तास पुरते. बॅटरीची जाहिरात पाहशील तेव्हा दोन्ही आकडे विचार, एकाने काही कळत नाही.

भाची : तीन तासांनी ग्रीडला काय फरक पडतो?

मामाजी : फार पडतो. दुपारी सौरवीज भरपूर असते. सूर्य मावळता मावळता ती शून्यावर येते, आणि नेमकं तेव्हाच घरोघरी दिवे, टीव्ही, कूलर सुरू होतात. ती उणीव आज मुख्यतः चंद्रपूर-कोराडीसारखी कोळशाची केंद्रं भरतात. पण कोळशाचा संच दुपारी बंद करून संध्याकाळी लगेच पेटवता येत नाही. नियमाने तो निदान ५५ टक्के क्षमतेपर्यंत खाली आणता यायला हवा. त्याहून खाली उतरवणं अवघड. म्हणून दुपारी जागा उरली नाही की सौरवीजच थांबवावी लागते. बॅटरी ती दुपारची वीज घेते आणि संध्याकाळी देते. शिवाय ग्रीडची वारंवारिता ५० हर्ट्झवरून ढळली तर ती सेकंदाच्या आत सावरायला धावते.

भाची : बॅटरीशिवाय दुसरा मार्ग नाही?

मामाजी : आहे, आणि तो महाराष्ट्रात जुना आहे. सह्याद्रीतल्या घाटघरला २००८ पासून २५० मेगावॉटचं उदंचन केंद्र आहे. वीज जास्त असली की खालच्या जलाशयातलं पाणी वर चढवायचं, गरज पडली की खाली सोडून वीज करायची. तुझ्या शेततळ्याचंच तत्त्व. पण त्याला शेकडो मीटरचा उतार हवा. वर्ध्याचा प्रदेश सपाट, इथे मोठ्या साठ्यासाठी बॅटरीच सोयीची, आणि ती उपकेंद्राच्या आवारातही मावते.

भाची : परवडेल?

मामाजी : २०२२ मध्ये सौर ऊर्जा निगमच्या निविदेत दोन तासांच्या साठ्याला दरमहा, दर मेगावॉटला सुमारे १०.८ लाख रुपये दर आला. २०२४ संपता संपता अनुदानाची जोड असलेल्या निविदांत तो सव्वादोन लाखांच्या आसपास उतरला. अशी बॅटरी दिवसातून एकदा भरून रिकामी केली तर साठवणुकीचा खर्च युनिटमागे पावणेचार रुपयांच्या आत येतो. सौरविजेची किंमत आणि दहा-पंधरा टक्के घट त्यावर वेगळी. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणानेही सल्ला दिला की, नव्या सौर निविदांत प्रकल्पाच्या किमान दहा टक्के क्षमतेचा, दोन तासांचा साठा जागेवरच असावा.

भाची : मग पैसा घराघरांतल्या बॅटरीत घालावा की उपकेंद्रातल्या?

मामाजी : गावाचा विचार केला तर उपकेंद्रात. तिथली बॅटरी सगळ्यांच्या उपयोगी पडते, देखभालीला माणूस असतो, आणि श्रीमंताच्याच घरी उजेड असं होत नाही. आपल्या वर्ध्यात मगनवाडीला जे. सी. कुमारप्पा राहिले. १९४५ साली आलेल्या ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’मध्ये त्यांनी उपसून संपणारी साधनं आणि निसर्गात सतत येत राहणारी साधनं असा भेद केला, आणि माणसाने दुसऱ्या प्रकारच्या साधनांवर जगावं असं सांगितलं. ऊन दुसऱ्या प्रकारचं. बॅटरीतलं लिथियम मात्र खाणीतून येतं, आणि ते पहिल्या प्रकारचं. म्हणून बॅटरी जपून, जिथे दुसरा इलाज नाही तिथेच वापरावी, आणि संपल्यावर भंगारात न टाकता पुनर्वापराला द्यावी, असं मला मनापासून वाटतं.

भाची : मग बाबांना काय सांगू?

मामाजी : सौरपंप घ्या, आणि बॅटरीचे पैसे शेततळ्यात आणि ठिबकमध्ये घाला. घरात दिवे-पंख्यांपुरती छोटी लिथियम बॅटरी ठेवा. आणि पुढच्या ग्रामसभेत तू स्वतः उभी राहून विचार : आपल्या आरोग्य केंद्राला रात्रभर पुरेल एवढी बॅटरी आहे का, आणि आपल्या उपकेंद्रावरच्या सौर प्रकल्पाला साठवणुकीची जोड कधी मिळणार?