पंखा कुणाचा, बिल कुणाचं?

‘दिवे-पंखे बंद करा’ ही पाटी आपल्या होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर आहे. मीही ती दोन वर्षं वाचली आणि पंखा तसाच चालू ठेवून लेक्चरला गेलो. पण मिनी प्रोजेक्टसाठी पंखे मोजायला निघालो तेव्हा कळलं, की मोठी उधळपट्टी बटणावर होत नाही, खरेदीच्या फाइलवर होते.

हिशोब बघा. गेल्या वर्षी आलेले नवे पंखे एका स्टारचे, साधारण ५० वॅटचे. बीएलडीसी मोटरचा पंखा घेतो ३० वॅट. रोज १५ तास, वर्षाला २७० दिवस धरले तर एका पंख्यामागे ८१ युनिट. ३०० पंखे धरा, २४,३०० युनिट! मग घेतले का नाहीत? रेक्टर सर म्हणाले, “अरे, खरेदी स्टोअर करतं, लोएस्ट टेंडर बघून. बिल अकाउंट्स भरतं, वेगळ्या हेडमधून. मला काय विचारतोस?” आपण तर ठरावीक फी भरून मोकळे. म्हणजे नियमाप्रमाणे कुणीच चुकलेलं नाही.

देशातही असंच कोडं आहे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्याखाली २००२ मध्ये बीईई स्थापन झाली, तीच आपली स्टारवाली. मानकं तिनं सुचवायची, राज्यात अंमलबजावणी बघायची महाऊर्जानं, विजेचे दर ठरवणार नियामक आयोग. आणि वितरण कंपनीचं उत्पन्न येतं युनिट विकून. गिऱ्हाइकानं बचत करावी अशी घाई तिला का असेल?

जिथं जबाबदारी एकाच ठिकाणी आली तिथं काम झालं. सरकारी वीज कंपन्यांनी २००९ मध्ये काढलेल्या ईईएसएलनं देशभरची मागणी एकत्र करून एलईडी बल्ब घेतले. खरेदीचा दर २०१४ मध्ये ३१० रुपये होता, २०१६ मध्ये ३८ वर आला. गंमत म्हणजे लोएस्ट टेंडर तिथंही होतंच! फक्त काय घ्यायचं ते आधी पक्कं लिहिलं होतं. पंख्यांना स्टार सक्तीचे झाले १ जानेवारी २०२३ पासून. म्हणून तर जुन्या ७५ वॅटच्या जागी निदान ५० वॅटचे आले. आपल्या इथं कुणी ठरवून नव्हे.

मी एक अर्ज दिलाय. टेंडरमध्ये एकच ओळ वाढवा: किंमत अधिक पाच वर्षांचा वीजखर्च, यावर तुलना करा. अर्ज स्टोअरमधून अकाउंट्सकडे गेलाय, इतकं कळलंय.