आजाराला नाव नसताना



लग्नाच्या दिवशी वेदीसमोर आपण एकमेकांना आजारात आणि आरोग्यात साथ देण्याचे वचन देतो. त्या वेळी आजार म्हणजे ताप, फार तर एखादे ऑपरेशन, एवढेच आपल्या डोळ्यांसमोर असते. पुढे कधी नवऱ्याचा हात थरथरू लागतो, बायकोचा चालताना तोल जातो, आणि सहा महिने दवाखाने फिरूनही "नेमके काय आहे ते अजून सांगता येत नाही" एवढेच उत्तर मिळते. नातेवाईक विचारतात, "काय झालंय?" आणि सांगायला नाव नसते. मग कुणी म्हणते, सोंग आहे. कुणी म्हणते, बाहेरची बाधा आहे. सेवा करणाऱ्या जोडीदाराला आजारापेक्षा हे बोलणेच जास्त लागते.

संत मार्कच्या शुभवर्तमानात, पाचव्या अध्यायात, बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली स्त्री भेटते. तिने पुष्कळ वैद्य केले, जवळचे सारे खर्चून टाकले आणि दुखणे वाढतच गेले. (संत लूक स्वतः वैद्य होता असे मानतात. तीच हकिकत सांगताना तो वैद्यांना बराच सांभाळून घेतो!)

निदानाला उशीर होतो म्हणजे डॉक्टर नेहमी चुकलेलेच असतात असे नाही. मेंदूचे व नसांचे काही आजार सुरुवातीला एकमेकांसारखे दिसतात. पार्किन्सनसारखा आजार डॉक्टर मुख्यतः लक्षणे पाहून आणि औषधाचा गुण पाहून ओळखतात. म्हणून घरी एक वही ठेवावी. त्रास कधी झाला, किती वेळ टिकला, त्याआधी काय खाल्ले-घेतले, हे तारखेसह लिहावे. झटका आला किंवा चाल बिघडली तर मोबाइलवर चित्रण करावे. डॉक्टरांसमोर बसल्यावर नेमके तेच लक्षण दिसत नाही, हा सर्वांचाच अनुभव आहे.

चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात. चक्करेसाठीची सिनारिझिन किंवा उलटीसाठीची मेटोक्लोप्रमाइड काही जण महिनोन्महिने घेत राहतात, आणि त्यांनीच कधी कधी पार्किन्सनसारखा कंप व मंदपणा येतो. डॉक्टरांनी अशी गोळी बंद केल्यावर पुष्कळदा हळूहळू सुधारणा होते. मात्र कोणतेही औषध आपल्या मनाने थांबवू नये. बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही पायांत मुंग्या येतात, तोल जातो, विसर पडतो, आणि ती तर साध्या रक्ततपासणीत कळू शकते. या दोन गोष्टी पाहिल्यात का, हे डॉक्टरांना विचारायला संकोच कसला?

थांबायचे कुठे नाही, हेही माहीत हवे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बारी सिंड्रोमची साथ आली. त्यात अशक्तपणा बहुधा पायांपासून वर चढतो आणि श्वासापर्यंत जाऊ शकतो. असे दिसले, किंवा एकाएकी तोंड वाकडे झाले, हात गळाला, बोलणे अडखळले, तर वही बाजूला ठेवून त्याच क्षणी मोठे रुग्णालय गाठावे. उचगावहून सीपीआर काही लांब नाही.

अभ्यंग साक्रामेंताबद्दल आपल्याकडे अजून भीती आहे. फादर तेल घेऊन आले म्हणजे शेवट जवळ आला, असे शेजारी समजतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच स्पष्ट केले की हा संस्कार केवळ मरणाच्या दारात असलेल्यांसाठी नाही. गंभीर आजार पुरेसा आहे, त्याचे नाव कळलेले असण्याची अट नाही, आणि दुखणे वाढले तर तो पुन्हाही घेता येतो. त्या वेळी सेवा करणाऱ्या जोडीदारानेही स्वयंपाकघरात न राहता जवळ बसावे.

त्या जोडीदाराची झोप, जेवण आणि चिडचीड यांकडे कोण पाहते? मन फारच खचले तर टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत मोफत बोलता येते. आपण भेटीला जाताना मात्र नवा काढा, नवा वैद्य आणि कुणाच्या मेहुण्याची गोष्ट घरीच ठेवावी. "वहिनी, मी दोन तास बसतो, तुम्ही बाजार करून या," असे म्हणावे, आणि खरोखर दोन तास बसावे.